बिरूचं वजन

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस "आपण काय करता?" असं विचारतो, तेव्हा मी "आरोग्य क्षेत्रात आहे" एवढं सांगून वाढप्याला हाक मारतो आणि त्या माणसाच्या ताटात जिलबी वाढायला लावतो. तेवढ्यानं भागलं नाही तर "रक्त तपासणीचं काम असतं" असं म्हणतो. मग तो आपल्या साखरेचे आकडे सांगू लागतो आणि मी सुटतो. सुटल्यावर लगेच अपराधी वाटायला लागतं. ज्या कामाचा मला मनातून अभिमान आहे, ते मी जिलबीआड लपवतो. माझी बायको म्हणते, "तुम्हाला अपराधी वाटायला कारण लागत नाही, निमित्त पुरतं."

तर आता सरळ सांगतो. सोलापुरात एका लहानशा संस्थेत मी समुपदेशक आहे. ज्या पुरुषांना पुरुषांची ओढ असते, किंवा पुरुष आणि बायका दोघांचीही असते, अशांशी एचआयव्हीबद्दल बोलणं हे माझं काम. एका दुकानाच्या माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत कॅरम, पाण्याचा माठ, आरसा. मागच्या खोलीत मी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि वजनकाटा. चाचणीआधी बोलायचं, सरकारी दवाखान्यात चाचणीला सोबत जायचं, निकाल आल्यावर पुन्हा बोलायचं. समुपदेशन हा शब्द मोठा आहे. खरं तर समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपला चेहरा जागेवर ठेवायचा.

चेहरा जागेवर ठेवणं सोपं नसतं. कामाला लागलो तेव्हा कंडोम कसा वापरायचा हे दाखवण्यासाठी लाकडी नमुना हवा होता. संस्थेकडचा हरवला होता. मी पाटाचे, पाळण्याचे पाय करणाऱ्या एका सुताराकडे गेलो आणि कागदावर आकृती काढून दिली. म्हातारा बराच वेळ कागद फिरवून बघत होता.

"ह्ये कशाचा पाय म्हनायचा?"

मी घाम पुसत खरं ते सांगितलं, कशासाठी हवाय तेही सांगितलं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. दोन दिवसांनी गेलो तर नमुना तयार होता, काचपेपर मारून गुळगुळीत केलेला. वर म्हणाला, "पॉलिश करू का? चांगल्या कामाचं हाय म्हनताय तर दिसाया बी चांगलं असावं." तो नमुना आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

समोर बसलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो : "तुम्हाला स्वतःला किती धोका वाटतो?" इतकी वर्षं हा प्रश्न विचारून मी एवढंच शिकलो, की धोका आणि भीती सहसा एका घरात राहत नाहीत. ज्याला धोका जवळजवळ नाही, तो रडकुंडीला आलेला असतो. लॉजच्या चादरीवर बसलो, न्हाव्याचा वस्तरा लागला, कुणीतरी गालाचा मुका घेतला. अशांना समजावताना माझा घसा सुकतो. आणि ज्याला खरा धोका आहे, तो खुर्चीत रेलून बसलेला असतो. एक जण म्हणाला, "सर, तो इंजिनियर आहे, त्याला कसं असेल?" दुसऱ्यानं सांगितलं, "त्याच्या गाडीत देवाचा फोटो आहे." एकानं तर मलाच दिलासा दिला : "काळजी करू नका सर, मी फक्त लग्न झालेल्यांशीच संबंध ठेवतो."

अलीकडच्या काळात आमच्या कामात एक नवी गोष्ट आली. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी. रोज एक. सुरू करण्याआधी चाचणी करावी लागते, एचआयव्ही नाही याची खात्री करून घ्यावी लागते, मूत्रपिंडाचीही तपासणी होते. मग दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. नेमानं घेतली तर फार चांगलं संरक्षण मिळतं. बाकीचे गुप्तरोग ती अडवत नाही, म्हणून कंडोम हवाच, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावतो. मान डोलावण्यावर माझा विश्वास आता फारसा उरलेला नाही.

गोळी आली आणि तिच्यासोबत आपली माणसं आली. एक गृहस्थ सोमवारी गोळी घेत नव्हते. सोमवारी त्यांचा उपवास.

"अहो, ती गोळी आहे, अन्न नाही," मी म्हणालो.

"ते खरं, पण मनाला पटत नाही. आणि श्रावणात तर मी पूर्ण बंद ठेवतो."

"श्रावणभर?"

"श्रावणात आपण वर्ज्य ते काहीच खात नाही सर, आणि काही करतही नाही. मग गोळी कशाला?"

याला उत्तर देणं अवघड होतं, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. धोकाच नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवता येते. फक्त श्रावण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मनानंच ती पुन्हा सुरू केली होती, तेही त्या दिवशीचा कार्यक्रम उरकल्यावर. थांबवताना आणि सुरू करताना आम्हाला विचारायचं, मधे चाचणी करायची, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. सोमवारचं काय करायचं याचा तोडगा त्यांनीच काढला. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घेतली की गोळी उपवासाची होते म्हणे.

पण मला सांगायचं आहे ते बिरूबद्दल. बिरू, त्याची अक्का आणि दत्ता ही तिघांची खरी नावं नाहीत. तिघांनीही लिहायला आनंदानं परवानगी दिली. अक्कांची एकच अट होती : "काय बी लिवा, फकस्त माझ्या भाकरीला नावं ठिवू नका."

बिरू मंद्रूपकडचा, धनगराच्या घरचा. वडिलांची मेंढरं होती. आई लहानपणीच गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं, अक्कानं त्याला वाढवलं. अक्काचं लग्न झालं, मोडलं, ती परत आली. बिरूला सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा अक्काही त्याच्याबरोबर आली आणि कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायला लागली. दोघं दोन खोल्यांत राहतात. बिरू तिशी ओलांडलेला, बारीक, अबोल, कॉलर बसवण्यात कारखान्यात एक नंबर. लग्नाचा विषय अक्कानं एकेकाळी काढला होता. पुढं का सोडून दिला, ते त्याला कधी कळलं नाही.

दत्ता त्याचा मित्र. मंगळवेढ्याकडचा, मार्केट यार्डात एका अडत्याकडे कांद्याची पारख करायला असतो. दर रविवारी तो बिरूकडे जेवायला यायचा. दोघांचं काय नातं आहे, हे बिरूनं मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. दत्ताचं फक्त त्याच्यावरच भागत नाही, हेही सांगितलं. कांद्याच्या गाडीबरोबर तो हैदराबादला जातो, बंगळुरूला जातो. तिकडे बायकाही असतात, पुरुषही. हे सांगताना बिरूच्या आवाजात तक्रार नव्हती. उद्या पाऊस आहे म्हणतात, अशा सुरात सांगितलं.

एकदा तो दत्ताला घेऊन आला. दत्ता दांडगा, हसरा, खुर्चीत मावत नव्हता. मी माझा प्रश्न विचारला.

"मला? मला कसला धोका?" तो म्हणाला. "सर, कांदा नुसता हातात घेतला की आतून सडलाय का न्हाई ते मी सांगतो. आख्खं यार्ड मला इचारतंय. मानसाचं बी तसंच हाय. मी बघितल्याबिगर जवळ जात न्हाई."

"रोग चेहऱ्यावर दिसत नाही, दत्ताभाऊ."

"तुमाला दिसत नसंल. तुमी टेबलावर बसता."

"चाचणी करून बघू या. बोटाला सुई टोचतात, निकाल लगेच कळतो."

"चांगल्या मालाचं पोतं कोन फोडतंय व्हय, सर?" असं म्हणून तो उठला, जाता जाता बाहेर कॅरमचा एक डाव जिंकला आणि गेला. माझं सगळं प्रशिक्षण त्या कॅरमबोर्डापाशी संपलं.

बिरू मागं थांबला. "त्यो न्हाई यायचा सर. पण मी गोळी घेतो की. मला द्या."

त्याची चाचणी झाली. एचआयव्ही नव्हता. संस्थेच्या डॉक्टर मॅडमनी गोळी लिहून दिली. डबी घरात ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. ही अडचण जवळजवळ प्रत्येकाची असते. कुणी गाडीच्या डिकीत ठेवतं, कुणी बुटात. बिरूनं बटणांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, वर पांढरी बटणं पसरून.

दोन तिमाह्या छान गेल्या. तिसऱ्या खेपेला तो आला तो काट्याकडे बघतच आला.

"सर, ह्या गोळीनं वजन वाढतंय का?"

"या गोळीनं सहसा नाही. का?"

तो काट्यावर उभा राहिला. मी आकडा बघितला, मागच्या वेळचा बघितला, आणि काटा बिघडला असेल म्हणून स्वतः चढून पाहिलं. काटा ठीक होता. बिरूला गाल आले होते. सदऱ्याची बटणं ताणलेली होती, आणि त्याच्यासारख्या कारागिराला त्याची लाज वाटत होती.

"जेवण कसं आहे?"

"जेवन का? सकाळी हुलग्याचं माडगं, वर तूप. दुपारच्या डब्यात दोन अंडी. संध्याकाळी एक दिवसाआड आळणी. मग डिंकाचा लाडू. अक्काला काय झालंय काय की. न्हाई म्हनलं की डोळं भरत्यात."

माडगं म्हणजे पिठाची पेज आणि आळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आमच्याकडं बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला देतात. माझ्या ध्यानात तेव्हाच यायला हवं होतं. पण मी माझ्या ज्ञानात मग्न. तूप कमी करा, लाडू बंद करा, रात्री अर्धीच भाकरी खा, असा सल्ला मी त्याला दिला. बिरू आज्ञाधारक. त्यानं तो अक्षरशः पाळला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारच्या वेळी एक बाई जिना चढून वर आली. नऊवारी, हातात कापडात बांधलेल्या कडक भाकऱ्या, डोळे सुजलेले. आमच्याकडे बाई येणं तसं विरळाच. कॅरम खेळणारे उठून उभे राहिले. तिनं मला विचारलं, "ती एड्सची बिमारी बघत्यात ते हितंच का?"

मी तिला आत बसवलं. तिनं बसल्या बसल्या भाकऱ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "दादा, माझ्या भावाला ती बिमारी हाय. बिरू नाव त्येचं. त्येला किती दिस हायत तेवडं सांगा."

माझा चेहरा जागेवर राहिला की नाही, मला माहीत नाही.

हळूहळू सगळं कळलं. सुईत दोरा ओवून तुटलेलं बटण लावायला म्हणून तिनं पत्र्याचा डबा उघडला होता. गोळ्यांची डबी सापडली. तिला वाचता येत नाही. म्हणून त्यातली एक गोळी आणि डबी पदराखाली घेऊन ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं डबी बघितली, तिच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एड्सच्या पेशंटचं औषध आहे मावशी. कुणाचं आहे?" आणि आमच्या संस्थेचा पत्ता सांगितला. त्याचं अर्धं बरोबर होतं. हीच औषधं, आणखी एका औषधाच्या जोडीनं, उपचारातही असतात. उरलेलं अर्धं त्याला माहीत नव्हतं.

अक्कानं कुणालाही सांगितलं नाही. बिरूलाही नाही. गोळी परत डबीत, डबी बटणांखाली, आणि ती चुलीपाशी. भाऊ मरणार असेल तर खाऊन-पिऊन मरू दे, आणि खाऊन-पिऊन वाचला तर त्याहून चांगलं, एवढाच तिचा हिशोब.

"चांगला भरला हुता हो," ती म्हणाली. "गालफाडं वर आलती. मला वाटलं, देवानं आयकलं. आन् आता जेवनच सोडलंय त्येनं. अर्धी भाकरी खातोय, तूप सरकवून ठिवतोय. लाडवाकडं बघत न्हाई. शेवट आला म्हनायचा का दादा?"

तो शेवट मी आणला होता. माझ्या सल्ल्यानं.

एका वाक्यात तिचं ओझं उतरलं असतं. तुमच्या भावाला काहीही झालेलं नाही, एवढंच. आणि तेवढंच मला म्हणता येत नव्हतं. आमच्याकडे कोण येतं, कुणाची चाचणी काय आली, हे त्या माणसाशिवाय कुणालाही सांगायचं नाही, मग ती आई असो, बायको असो, की आईच्या जागची बहीण. कायदाही तेच सांगतो. बिरूचं नाव मी ओळखतो हेसुद्धा दाखवायचं नव्हतं. आणि बिरूला तरी मी काय सांगणार? अक्का येऊन गेली, हे तिचं गुपित होतं. दोघांची गुपितं माझ्याकडे, आणि दोघं एका चुलीपाशी एकमेकांना चुकवत बसलेले.

"मावशी, कुणाबद्दलच मला काही सांगता येत नाही," मी म्हणालो. "ज्याची गोळी आहे, त्यालाच विचारा."

"इचारलं तर घर सोडून जाईल. लई मानी हाय."

ती उठली. भाकऱ्या टेबलावरच ठेवल्या. "तुमाला आनल्यात. खावा."

त्या भाकऱ्या मी घरी नेल्या आणि बायकोपुढे ठेवल्या. बायकोनं शेंगाच्या चटणीबरोबर एक खाल्ली आणि म्हणाली, "सुंदर झाल्यात. आता सांगा, आज कशाचं अपराधी वाटतंय?" मी नाव-गाव न सांगता म्हणालो, की एका माणसाला मी खायचं सोडायला सांगितलं आणि दुसरं माणूस त्यामुळे रडतंय. ती म्हणाली, "मग खायला सांगा त्याला. एवढं शिकून तुम्ही उपाशी ठेवायचं काम करता होय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या माझ्याहून तरुण आणि माझ्याहून शहाण्या आहेत. त्या म्हणाल्या, "माणूस गुपित आहे, औषध नाही. गोळी कशाकशासाठी वापरतात, हे कुणीही विचारलं तर सांगायलाच हवं. तुम्ही ते का नाही सांगितलंत?"

का नाही सांगितलं? कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. होऊ नये म्हणून ही गोळी कोण घेतं? त्याचं उत्तर दिलं असतं तर बिरूचं दुसरं गुपित उघडं पडलं असतं, जे त्याला एचआयव्हीपेक्षाही जड वाटत होतं.

आठवडाभरात अक्का पुन्हा आली. या वेळी स्वतःच्या चाचणीसाठी. गणवेशांच्या घाईच्या दिवसांत मशीनची सुई बिरूच्या बोटातून आरपार गेली होती, आणि घरी आल्यावर तिनं ते बोट तोंडात धरून रक्त चोखून काढलं होतं. "मला बी झालं आसंल," ती शांतपणे म्हणाली. मी सांगितलं की तसं होण्याची भीती नसल्यातच जमा आहे. ती ऐकेना. माझा नेहमीचा अनुभव. खरा धोका असलेला दत्ता यार्डात हसत होता आणि धोका नसलेली अक्का दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून ओठ हलवत देवाचं नाव घेत होती.

निकाल आला. तिला काहीही नव्हतं. मी ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी माझ्या हातचं खाऊन त्येला काय व्हनार न्हाई, खरं ना?" स्वतःबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. त्याक्षणी मी ठरवलं की औषधाबद्दल जे खरं आहे ते पूर्ण सांगायचं.

"मावशी, लहान पोरांना पोलिओचा डोस देतात तो कुणाला देतात?"

"समद्यांस्नी देत्यात की."

"पोलिओ झालेल्यांना?"

"झाल्यावर दिऊन काय उपेग? हू ने म्हनून देत्यात."

"तशीच ती गोळी. झालेल्यांच्या औषधातही असते, आणि ज्यांना काही झालेलं नाही ते होऊ नये म्हणूनही घेतात. नुसत्या डबीवरून घेणारा आजारी आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या भावाबद्दल मी काही बोलत नाही. औषधाबद्दल बोलतोय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मला दिसत होता तोच प्रश्न आला.

"हू ने म्हनून कोन घेतंय?"

मी यादीतलं काही गाळलं नाही. "नवरा-बायकोत एकाला असेल तर दुसरा घेतो. बऱ्याच बायकांकडे जाणारे पुरुष घेतात. पुरुषांशी संबंध असलेले पुरुष घेतात. सुईनं नशा करणारे घेतात."

अक्का माझ्याकडं बघत नव्हती. समोर एक नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती.

"बायको तर न्हाईच त्येला," ती म्हणाली. "बायांकडं बघत बी न्हाई. नशा म्हनाल तर सुपारी सुदीक खात न्हाई." आणि मग खूप हळू, "रविवारी मटनाचं वाढलं की चांगला तुकडा त्या कांदेवाल्याच्या ताटात सरकिवतोय. मला दिसत न्हाई व्हय?"

नियम मोडला नव्हता, तरी काहीतरी मोडल्यासारखं वाटत होतं. ही आता घरी जाऊन काय करेल? त्याचा बटणांचा डबा बाहेर फेकेल? गावाला निघून जाईल?

अक्कानं नाक पुसलं, पदर खोचला आणि उठली. "म्हंजी जगतोय की त्यो," ती म्हणाली. "मग झालं तर. दादा, रिक्षा कुटं मिळंल? भाकऱ्या थापायच्या ऱ्हायल्यात."

बिरू पुढच्या चाचणीला आला तेव्हा मी जरा धास्तावलेलोच होतो. तो मात्र गोंधळलेला दिसला.

"सर, अक्कानं लाडू बंद केलं. आळणी बी रविवारीच."

"बरं झालं की."

"ते बरं झालं. पन आता रोज सकाळी चहा देताना इचारती, 'गोळी घेतली का?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"पैल्या दिवशी कप हातातनं पडला. म्हनलं, कसली गोळी? तर म्हनली, 'बटनाच्या डब्यातली. पोलिओचा डोस काय पोलिओ झालेल्याला देत्यात व्हय?' सर, ह्ये तिला कुनी सांगितलं आसंल?"

चेहरा जागेवर ठेवण्याच्या माझ्या इतक्या वर्षांच्या सरावाचं त्या दिवशी चीज झालं. "आणखी काही म्हणाल्या?" मी विचारलं.

"न्हाई. फकस्त येवडंच म्हनली, डबा माझ्याकडं दे, फळीवर ठिवते. बटनात गोळ्या ठिवल्या तर एक दिवस बटन गिळशील." तो हसला आणि मग हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यानं ते बाहीनं पुसले. "इचारायचं ते तिनं इचारलंच न्हाई सर. मी कधीपासून वाट बघतोय, ती इचारंल आन् मी सांगंन. आता वाटतंय, तिला ठावं हाय."

"मग तुम्हीच सांगा."

"सांगतो. पन आधी तिनं एक दुसराच सवाल केलाय." त्यानं खाली बघितलं. "म्हनली, 'आन् त्यो कांदेवाला घेतोय का?'"

दत्ता त्यानंतरच्या सोमवारी एकटा आला. कॅरमकडे त्यानं बघितलंही नाही. खुर्चीत बसला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मला अक्कानं पाठवलंय."

"काय म्हणाल्या?"

"काल जेवायला गेलो तर ताटच न्हाई मांडलं. बिरूला वाढलं, स्वतःला वाढलं. म्हनलं, अक्का, माझं? तर म्हनली, 'तपासून यं, मग वाढते.' मी म्हनलं, अक्का, मला मानूस कळतोय, कांद्यागत. तर समोरनं एक कांदा उचलला, चांगला लालभडक, आन् इळीवर चिरला. आत काळा. म्हनली, 'ह्यो तूच आनून दिलाय.'" तो खिन्न होऊन म्हणाला, "माझाच माल हुता सर. काय बोलू?"

मी त्याला दवाखान्यात नेलं. बोटाला सुई टोचली तेव्हा तो दांडगा माणूस डोळे मिटून बसला. निकाल यायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात त्यानं पहिल्यांदा मला विचारलं की हैदराबादच्या त्या माणसांना कसं कळवायचं, काही निघालंच तर. मी सांगितलं, कसं कळवता येतं. आणि हेही सांगितलं की निकाल काहीही आला तरी तुम्हाला गोळी मिळणार आहे. नसेल तर होऊ नये म्हणून. असेल तर रोग दाबून ठेवायला, इतका की औषध नेमानं घेऊन तो रक्तात सापडेनासा झाला की संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. दोन्हीकडे माणूस जगतो, जेवतो, कांदे पारखतो.

"आन् बिरू?" त्यानं विचारलं.

"बिरूला तुम्ही सांगायचं."

दत्ताचा निकाल काय आला, ते मी इथं लिहिणार नाही. तो निकाल त्याचा आहे. वाचकांपैकी काहींना ते जाणून घ्यावंसं वाटेल, मलाही त्यांच्या जागी वाटलं असतं. पण हा धंदाच असा आहे, की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची नसते.

एवढं सांगतो. अलीकडेच अक्कांनी मला रविवारी जेवायला बोलावलं, लिहायच्या परवानगीच्या निमित्तानं. चुलीपाशी तीन ताटं होती, चौथं माझं. बिरूनं चांगला तुकडा दत्ताच्या ताटात सरकवला, तो उघडपणे. भिंतीवरच्या फळीवर हळद-तिखटाच्या डब्यांच्या शेजारी दोन डब्या होत्या, एकसारख्या पांढऱ्या; दत्ता हल्ली रोज सकाळी यार्डात जाताना इथंच चहाला थांबतो. एकीवर लाल दोरा बांधलेला, दुसरीला काही नाही. दोऱ्याची कुणाची आणि बिनदोऱ्याची कुणाची एवढंच अक्कांना ठाऊक आहे. कोणत्या डबीत कशासाठीची गोळी आहे ते त्यांनी विचारलेलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, दोन्ही डब्या खाली काढल्या आणि दोघांच्या पुढ्यात पाण्याचे तांबे ठेवून म्हणाल्या, "सकाळी गडबडीत ऱ्हायली आसंल. घ्या आता, माझ्याम्होरं."